दोन्ही हात हँडलवर

आमची ही काही खात नाही. हे तिचं स्वतःचं म्हणणं आहे आणि लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी त्यात कानामात्रेचा फरक पडलेला नाही. रात्री ताटावर बसली की दोन घास चिवडते आणि उठते. "मला भूकच लागत नाही हो," म्हणते. मी समोर बसून तिसऱ्यांदा भात वाढून घेत असतो आणि उगाच अपराधी वाटून घेत असतो.

ही एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी आहे. रोज चारशे माणसं तिच्या हातचं जेवतात आणि चवीला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचा आहे. ती पातेल्याशी उभी असली की मॅनेजरसुद्धा दारात थांबून "आत येऊ का?" विचारतो. मी शिंपी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. मला गिऱ्हाईकं येताजाता दटावतात. आमच्या घरात मान कुणाला आहे हे वेगळं सांगायला नको.

गाडं अडलं ते तपासणीवर. कारखान्याच्या दुसऱ्या कँटीनमध्ये एक आचारी चक्कर येऊन उकळत्या कढईशेजारी पडला. थोडक्यात वाचला बिचारा. त्याची साखर वाढलेली निघाली. मग फर्मान सुटलं की चुलीजवळ काम करणाऱ्या सगळ्यांचं रक्त उपाशीपोटी तपासायचं. तीनदा साखर जास्त आली तर माणूस चुलीवरून बाजूला. नोकरी जाणार नाही, कूपनच्या खिडकीत बसवणार.

हिची साखर आली दोनशे दहा.

"रिपोर्ट चुकलाय," ही म्हणाली. "पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही माझ्या पोटात." त्या दिवशी तिने एवढ्या शपथा खाल्ल्या की पोट त्यांनीच भरलं असतं.

दुसऱ्या तपासणीला मी मुद्दाम कँटीनमध्ये जाऊन बसलो. पहाटे पाचपासून, डोळ्यांत तेल घालून. हिने रस्सा हलवला, डावातला थेंब तळहातावर, तळहात तोंडाकडे. जॅमची बरणी उघडली, झाकणाच्या कडेवरून बोट, बोट तोंडाकडे. दुधात साखर पुरेशी आहे का, पुन्हा तेच. चेहऱ्यावर काही नाही. बोलतेय दुसऱ्याशीच. हात आपला आपण जातोय आणि येतोय. माझ्या खिशात कापडावर खुणा करायचा खडू होता. मी दारामागे एकेक रेघ ओढत गेलो. रक्त घेणारा माणूस अकराला आला तेव्हा चौदा रेघा झाल्या होत्या.

मी तिला दार दाखवलं. तिने रेघांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे कुणाच्या तरी शर्टाचं माप आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

साखर एकशे नव्वद. आता उरली एक तपासणी. ती मोठ्या ऑफिसात होती, बासष्ट किलोमीटरवर, खुद्द कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंसमोर. वेळ दुपारी चारची. म्हणजे पहाटे चारपासून उपाशी राहायचं होतं, आणि तेही जागेपणी.

त्या रात्री ही पहिल्यांदा जेवलीच नाही. खरोखरच नाही. "खिडकीत बसून कूपनं फाडायची," एवढंच म्हणाली. "चारशे माणसं जेवणार आणि मी काचेमागून बघायचं." तिचा आवाज कापत होता. तिचा आवाज कापताना मी कधी ऐकला नव्हता, त्यामुळे माझीही झोप उडाली.

सुट्टीच्या दिवशी आम्ही घरी सराव करून पाहिला. सकाळी सातला शेजारणीच्या पोराला पाव भरवताना हिने बोट चाटलं. "हे खाणं नाही," ती म्हणाली. नऊ वाजता भांड्याला चिकटलेली साय गेली. "हे घासणं आहे." मी कपाळाला हात लावला. मग मीच तिला बाजारात पिटाळलं, निदान स्वयंपाकघराबाहेर तरी राहील म्हणून. ती तिच्या जुन्या काळ्या सायकलवरून गेली आणि दोन तासांनी आली. मी पिशवी तपासली. द्राक्षांच्या घडातलं एकही द्राक्ष कमी नव्हतं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सायकलवर तिचे दोन्ही हात हँडलवर असतात.

"तुमच्या समाधानासाठी चालवते," ही म्हणाली. "मी तशीही काही खात नाहीच."

मग सुरू झाला सराव. पहिल्या सुट्टीला दहा किलोमीटर उपाशी, पुढच्या सुट्टीला वीस, मग चाळीस. चाळीस करून आली तेव्हा घामाने निथळत होती, पण पोट रिकामं ते रिकामंच. मीच जाहीर केलं, मोठ्या ऑफिसात सायकलनेच जायचं. बसमध्ये शेजारचा माणूस हमखास डबा उघडतो आणि "घ्या ना थोडं" म्हणतो. एवढं बोलून मी थांबायला हवं होतं.

"आणि तुम्ही?" हिने विचारलं. "साक्षीला कोण? शिवाय मी उपाशी आणि तुम्ही इथे भात चेपणार?"

अशा रीतीने मी, ज्याने आयुष्यात शिवणयंत्राच्या पायट्याखेरीज काही चालवलं नाही, भावाची सायकल मागून आणली. तिची सीट ज्या कुणी बनवली असेल त्याने तिच्यावर बसून पाहिलेलं नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगतो.

तपासणीच्या दिवशी आम्ही सकाळी सहाला निघालो. ही पुढे, पाठ ताठ, हँडलला पाण्याची बाटली. मी मागे. दहाव्या किलोमीटरला पोटात कावळे ओरडायला लागले. विसाव्याला मी खिशातलं बिस्किट हळूच तोंडाजवळ नेलं.

"वेलची," पुढून आवाज आला. मान न वळवता. "फेकून द्या."

फेकलं. काय करता? त्या नाकापुढे इलाज नाही.

पस्तिसाव्या किलोमीटरला माझ्या मांड्यांनी संप केला. रस्त्याकडेला पत्र्याच्या छपराखाली एक खानावळ होती. मी सायकल झाडाला टेकवून खाली बसलो. ही उतरलीच नाही. एक पाय जमिनीवर, दोन्ही हात हँडलवर, पातेल्यापासून दहा पावलांवर उभी. खानावळवाला बटाट्याचा रस्सा ढवळत होता. मला त्याक्षणी तो माणूस राजा वाटला.

"मीठ कमी आहे," ही म्हणाली.

खानावळवाल्याने वर पाहिलं. "बाई, तुम्ही तिथे, रस्सा इथे."

"वासावरून कळतं. आणि कांदा घाईत काढलाय तुम्ही. अजून परतायला हवा होता."

त्याने चव घेतली. त्याचा चेहरा पडला. मग तो मोठ्या आदराने दुसरा डाव बुडवून, मीठ टाकून, ढवळून, तिच्यापर्यंत चालत आला आणि डाव पुढे केला. "आता बघा."

आणि हिचा उजवा हात हँडलवरून सुटला. मी स्वतः पाहिलं. तळहात वर झाला, थेंब पडण्याआधीच बोटं वळली, तोंड किंचित उघडलं. मी कसा उठलो मला ठाऊक नाही. दोन ढांगांत तिथे पोचलो आणि तो डाव सगळाच्या सगळा माझ्या तोंडात ओतला.

उकळता होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्या छपराखाली थयथय नाचलो आणि खानावळवाला "मीठ, मीठ कसं आहे?" विचारत माझ्यामागे फिरत होता.

थंड पाणी पिऊन मी भानावर आलो तर ही अजून तशीच उभी. उजवा हात हवेत. ती त्या हाताकडे बघत होती.

"हा कधी उठला?" तिने विचारलं.

माझी जीभ भाजलेली, मी नुसतं डावाकडे बोट दाखवलं. तिने तो हात परत हँडलवर ठेवला आणि मूठ आवळली. पुढचे दहा किलोमीटर ती मधूनमधून त्या मुठीकडे बघत सायकल चालवत राहिली. मग वेग कमी करून माझ्या बरोबरीने आली.

"खरंच चौदा वेळा?"

"चौदा मोजले. दोनदा माझा डोळा लागला होता."

ती हसली नाही. "म्हणजे मी सव्वीस वर्षं तुम्हाला खोटं सांगत आले," म्हणाली. मला तिची फार दया आली. मी म्हणालो, "तू खोटं नाही बोललीस, हातानं तुला सांगितलं नाही." त्यावर तिने मला पाणी दिलं.

पावणेचारला आम्ही पोचलो. बासष्ट किलोमीटर. हिच्या पोटात फक्त पाणी. छाती माझीच फुगली होती, जणू मीच उपाशी होतो. रक्त घेतलं, मशीनवर आकडा आला. चौसष्ट. डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी आकडा पाहिला, जुने कागद पाहिले, मग हिच्या लालबुंद चेहऱ्याकडे पाहिलं.

"कशा आलात?"

"सायकलनं."

"बसस्टँडपासून?"

"घरापासून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "उपाशी?"

"तुम्हीच म्हणालात ना, उपाशी या."

मग बाई जे सुटल्या! आधी हिला साखरपाणी पाजलं, मग आम्हा दोघांची अशी हजेरी घेतली की बाहेरचा शिपाई आत डोकावला. रस्त्यात कोसळला असता तर? कुणाची कल्पना ही? हिने माझ्याकडे बोट दाखवलं. आकडा बाद. "ही तुमची साखर नाही, सायकलची आहे. आज नीट जेवा, शांत झोपा. रात्री दहानंतर काही खायचं नाही. उद्या सकाळी साडेदहाला या. आणि सायकलवर दिसलात तर मी तिसरा रिपोर्ट न तपासताच लिहीन."

आमच्या तोंडचं पाणी पळालं. सायकल गेली म्हणजे हँडल गेलं. आणि त्या गावात मुक्कामाला एकच घर होतं, माझ्या मेव्हणीचं. मेव्हणी स्वभावाने सोनं, पण स्वयंपाक असा करते की ही तिच्या घरी गेली की पाहुणी म्हणून नव्हे, दुरुस्तीला म्हणून जाते.

सवयीने ही पहाटे पाचला उठली. बहीण आल्याच्या आनंदात मेव्हणीही पाचलाच उठली आणि स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली. हिचं नाक हललं. "करपतंय," ही म्हणाली आणि उभी राहिली. मी गळ्यातली टेप काढली. "हात बांधू का?" हिने अशी नजर टाकली की टेप आपोआप गुंडाळली गेली. मग दुसरं काही सुचेना, म्हणून मी तिला ओसरीतल्या बाकावर बसवलं, समोर स्टूल घेतलं आणि तिचे दोन्ही हात धरून ठेवले.

पाच ते दहा. पाच तास. साडू पेपर घेऊन बाहेर आला, आम्हाला पाहिलं आणि पेपर घेऊन परत आत गेला. दूधवाला बाटल्या ठेवून दोनदा वळून बघून गेला. दर थोड्या वेळाने तिचा उजवा हात माझ्या मुठीत ओढ घ्यायचा, तिच्या नकळत. दरवेळी मी घट्ट धरायचो आणि ती म्हणायची, "आता पण?" मी म्हणायचो, "आता पण."

मी हजारो माणसांच्या मनगटांची मापं घेतली आहेत. हिच्या मनगटाचं मला तोंडपाठ आहे, सहा इंच. पण तळहात मी कधी पाहिला नव्हता. बोटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा, अंगठ्याखाली डावाने पडलेला घट्टा. मी एकेक विचारत गेलो, हे कधीचं, ते कधीचं, आणि ती सांगत गेली. सव्वीस वर्षांत आम्ही एकमेकांशी इतका वेळ बोललो नव्हतो. मला लाजही वाटली आणि बरंही वाटलं.

साखर एकशे बत्तीस आली. "थोडी जास्त आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण ही मर्यादेत बसते. रोज एक गोळी, चाखून झालं की थुंकायचं, आणि खुशाल चूल सांभाळा. दर तीन महिन्यांनी तुमच्या कारखान्याच्या दवाखान्यात तपासणी, कार्ड मी बघेन." हिने बाईंच्या टेबलावर डोकं टेकलं आणि रडली. मग तोंड पुसून म्हणाली, "तुमच्या इथल्या कँटीनमध्ये डाळ कच्ची राहते. वास येतोय."

त्याला आता दोन वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी तपासणीच्या दिवशी ही रजा घेते, पाचला उठून माझ्या दुकानात येऊन बसते आणि हात पुढे करते. मी दाराला पाटी लावतो, "दहानंतर या". गिऱ्हाईकं कुरकुरतात. दहा वाजले की ती उठते, "जाऊन रक्त देऊन येते," म्हणते आणि सायकल काढते.

गेल्या आठवड्यात तिच्या पिशवीची शिवण उसवली म्हणून मी ती मशीनवर घेतली. आत दवाखान्याचं कार्ड होतं. आकडे छान होते, अगदी नॉर्मल. शेवटची तारीख मात्र जवळजवळ नऊ महिन्यांपूर्वीची. खाली डॉक्टरीणबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, "प्रकृती उत्तम. यापुढे वर्षातून एकदाच तपासणी."

मी बोटांवर हिशेब केला. त्यानंतर ही दोन वेळा पहाटे पाचला येऊन बसली होती.

कार्ड होतं तसं आत सरकवलं आणि शिवण घातली. काल पहाटे पाच वाजता दुकानाचा दिवा लागला. ही समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आज तपासणी आहे हो."

मी पाटी लावली आणि तिचे हात धरले.