जाऊबाईंच्या मापाची नाव

आमचे थोरले भाऊजी एकाएकी बायकोच्या उठण्याबसण्याकडे टक लावून बघायला लागले, तेव्हा घरात सगळ्यांनाच वाटलं, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. जाऊबाई सतरंजीवर बसल्या की हे मान वाकडी करून बघत, खाटेवरून उठल्या की कान देऊन ऐकत. शेवटी जाऊबाईंनीच तोंड उघडलं.

"अहो, मुलांची लग्नं झाली आपल्या. आता कसली टेहळणी?"

"तू कशावरून उठताना कण्हत नाहीस, ते बघतोय."

"मग, लागला शोध?"

"लागला. स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल. बाकी सगळीकडे 'आई गं'!"

आणि गळ्यातली टेप काढून त्यांनी त्या स्टुलाची उंची मोजली. ही टेप म्हणजे भाऊजींचा दागिना. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, जेवायलासुद्धा टेप गळ्यात घालूनच बसतो. खालची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. आता लोक तयार कपडे घेतात, त्यामुळे बेतायचं टेबल बहुतेक रिकामंच. आमचे हे म्हणाले, "दादाचं म्हणजे रिकामा न्हावी, भिंतीला तुंबड्या लावी!" मीही हसले. पण स्टूल कशासाठी मोजलं ते कळलं, तेव्हा माझं हसू तिथंच थांबलं.

जाऊबाईंचं माहेर तळ्यापलीकडे. वडील नावाडी. जाऊबाईंची थोरली बहीण अजून त्याच घरात राहते; तिची दृष्टी अधू झालीय, ती घर सोडत नाही. पूर्वी जाऊबाई दर आठवड्याला धक्क्यावरच्या मोठ्या नावेनं पलीकडे जायच्या. पण त्या नावेचा काठ उंच, शिडी चढून जावं लागतं. गुडघे धरल्यापासून जाऊबाईंना ती शिडी जमेना. एकदा अर्ध्यावर अडकल्या, मागच्या रांगेतलं कुणीतरी "अहो आजी, चढा तरी नाहीतर उतरा तरी" म्हणालं, आणि त्या ज्या उतरल्या त्या परत धक्क्यावर गेल्याच नाहीत. रस्त्यानं जायचं तर दोन बस आणि वर चढ. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या, म्हणजे भांडायच्या. फोन ठेवल्यावर जाऊबाई बराच वेळ ओट्यापाशी नुसत्या उभ्या राहायच्या. मी देवापुढे हात जोडताना रोज त्यांचे गुडघे मागत होते. देवानं गुडघे दिले नाहीत. त्यानं भाऊजींच्या हातात एक मोडकी छत्री दिली.

छत्रीचं फाटलेलं कापड बदलून झाल्यावर भाऊजींनी ती उलटी करून धुण्याच्या टबात सोडली. तरंगली. आत कात्री ठेवली. तरंगली. मग वर लोखंडी इस्त्री ठेवली, आणि मला हाक मारली, "हे बघ! काड्या आणि कापड! आणखी काय लागतं नावेला?"

मी म्हटलं, "भाऊजी, माझ्या टबातून ती इस्त्री काढा आधी."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात कागद पसरले. वर्तमानपत्रं चिकटवून चिकटवून त्यांनी नावेचा नमुना बेतला, अगदी ब्लाउजचा बेततात तसा, कागद मधोमध दुमडून. आधी जाऊबाईंना स्टुलावर बसवून माप घेतलं. कुल्ल्याची रुंदी, त्यावर दोन्ही बाजूंना एकेक मूठ मोकळी. पाय लांब केले की टाच कुठे येते. हात कुठवर पोचतो.

"आकडा मोठ्यानं सांगू?" भाऊजींनी विचारलं.

"सांगून तर बघा! आज जेवायला आहात ना घरी?"

बसायची जागा स्टुलाइतकी उंच, हे पक्कं. पण उंच बसलं की नाव डुलणार. म्हणून तिचं बूड रुंद केलं. मग लाकडाच्या लांब लवचीक पट्ट्या आल्या. फासळ्या वाकवायला पट्ट्या नळीत घालून वाफेवर धरायच्या, आणि मऊ झाल्या की थंड व्हायच्या आत वाकवायच्या. माझी मोठी किटली त्या कामी गेली. एक फासळी वाकवताना मोडली की भाऊजी "अरेरे" म्हणायचे ते असं, की मला वाटायचं कुणाच्या अंगातलंच हाड मोडलं. सांगाड्यात खिळा एकही नाही. जिथे पट्टी फासळीला भेटते तिथे मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधायचं, आणि ते बांधणं बघत राहावं असं. दोरा दातात धरून ते एकेक गाठ आवळायचे आणि सांगायचे, "खिळा लाकडाला दटावतो. दोरा समजूत घालतो."

शेजारचा सुतार रोज दारात उभा राहून चेष्टा करायचा. "मास्तर, हिला बटणं पुढून लावणार की मागून?"

"तुझ्या तोंडाला लावून उरली तर बघू."

सांगाडा झाला तेव्हा तो आम्ही दोघी जावांनी सहज उचलला. जाऊबाईंनी बाकी काही कौतुक केलं नाही. पण जाता जाता त्यांनी त्याच्या काठावरून हात फिरवला, तो मी पाहिला.

कापड मात्र भाऊजींनी स्वतःच्या सवयीनं हाताळलं, आणि तिथेच माशी शिंकली. चांगला शिंपी कोरं कापड कधी बेतत नाही. आधी भिजवतो, वाळवतो, इस्त्री करतो, म्हणजे जे काय आटायचं ते आधीच आटतं आणि पहिल्या धुण्यात गिऱ्हाइकाची फजिती होत नाही. भाऊजींनी नावेसाठी आणलेलं जाड सुती कापड तसंच भिजवलं, वाळवलं, कडक इस्त्री केली. मग सांगाड्यावर चढवून, अंगाला काचू नये म्हणून जरासं सैल ठेवून, इतकी सुरेख शिवण घातली की तसली माझ्या कुठल्याही साडीच्या फॉलला नसेल. वर तेलरंगाचे हात दिले. निळा रंग, जाऊबाईंच्या आवडीचा.

नाव पाण्यात सोडली आणि पाण्यानं कापड आत ढकललं. फासळ्या उपाशी गुरासारख्या दिसायला लागल्या, दोन फासळ्यांमध्ये खळगे पडले. भाऊजी आत बसून वल्हं मारायला लागले, तर ती ओला परकर पायात अडकल्यासारखी चालली. सुतार तर हसून हसून खालीच बसला. भाऊजी काठावर आले, ते चेहरा एवढासा करून. मला रडूच आलं. वाटलं, संपलं. आता ह्या नावेतही जाऊबाई बसणार नाहीत.

आणि जाऊबाई? त्या धक्क्यावर आल्या होत्या. इतक्या दिवसांनी, आपणहून, माझ्या खांद्यावर हात ठेवून. पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या.

"अहो, सैल कुणासाठी ठेवलंत? नाव काय जेवल्यावर फुगते?"

भाऊजी वाकून कापडातले खळगे चाचपायला लागले.

"आणि कापड भिजवलं होतंत ना आधी? वाटलंच मला. शिंपी नव्हे, आटलेलं कापड! ते आटायचं ते सांगाड्यावर आटू दे की. बाबा शिडाचं कापड कोरंच ताणून बांधायचे."

"मग तू आधी का नाही बोललीस?"

"मला कुणी विचारलं? माप घेताना आकडे तेवढे विचारलेत!"

त्यानंतर दुकानात दोघं काम करायला लागले. नावेचं जुनं कापड उसवलं. नवं कापड कोरं, करकरीत, भाऊजींनी जीव खाऊन ताणलं. सैल सोडायला त्यांचा हात आपोआप जायचा, की जाऊबाई स्टुलावरून ओरडायच्या, "ओढा! ओढा म्हणते ना! सासूबाईंचा ब्लाउज नाहीये तो!" शिवण संपली, तेव्हा जाऊबाईंनी माझ्याकडून किटली मागवली आणि उकळतं पाणी स्वतःच्या हातानं त्या कापडावर सोडलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. वाळेपर्यंत सुरकुती न सुरकुती गेली. जाऊबाईंनी टिचकी मारली, तर कापड टण्णकन वाजलं. भाऊजी माझ्याकडे वळून म्हणाले, "जन्मभर आटण्याला घाबरलो गं मी." आणि लहान मुलासारखे टिचक्या मारत सुटले. मग परत निळ्या तेलरंगाचे हात दिले.

पलीकडे जायच्या दिवशी तळं अगदी शांत होतं. धक्क्याच्या बाजूला पाण्यालगत धुण्याची फळी आहे, तिथे जाऊबाई बसल्या, सरकल्या, आणि सरळ आपल्या जागेवर. कण्हल्या नाहीत. मी आणि आमचे हे नाव धरून उभे होतो. मागे भाऊजी वल्हं घेऊन बसले. ठरलं होतंच तसं, नवऱ्यानं न्यायचं आणि बायकोनं बसायचं. पण भाऊजींनी वल्हं मारलं की नाव गिरकी घ्यायची. एक गिरकी, दुसरी गिरकी. तिसऱ्या गिरकीला त्यांचं तोंड परत आमच्याकडे.

"अच्छा करायला परत परत कशाला येताय?" आमचे हे ओरडले.

"बास झालं!" जाऊबाई म्हणाल्या. "वल्हं इकडे द्या."

"अगं, पण वल्हवणारा मागे बसतो! तुझी जागा पुढे केलीय मी. आता तुला हलता येणार आहे का?"

"मला कशाला हलायला हवं? तुम्ही नमुना दुमडून बेतलात ना? दोन्ही टोकं सारखीच आहेत. ती बाजू पुढची समजा, ही मागची. मी फळीवर पाय घेऊन वळते, तुम्ही आत वळा. हळू! माणूस आहात की पोतं?"

आमच्या ह्यांनी नाव परत फळीला ओढून धरली. भाऊजी उकिडवे, काठ धरून, देवाचं नाव घेत वळले. जाऊबाई फळीच्या आधारानं वळून बसल्या. त्यांनी वल्हं हातात घेतलं, आणि त्यांची पाठ एकदम ताठ झाली. पहिल्याच ओढीला नाव सरळ सुटली. गुडघ्यांचं काही कामच नव्हतं. काम होतं खांद्यांचं, आणि खांदे सगळं लक्षात ठेवून होते. पुढे भाऊजी दोन्ही हातांनी काठ धरून वरातीतल्या नवरदेवासारखे बसलेले. मी डोळे मिटून देवाला म्हटलं, तुझ्या रीती तुलाच ठाऊक. डोळे उघडले तोवर निळा ठिपका पार पलीकडच्या झाडांपाशी पोचला होता.

दुपारी भाऊजींचा फोन आला. मागून दोन बायकांचा आवाज, एकमेकींवर चढणारा, मध्येच दोघींचं मिळून हसणं.

"पोचलात ना सुखरूप?" मी विचारलं.

"पोचलो. पण संध्याकाळी वाट बघू नका. परवापर्यंत तरी नकोच."

"का हो? काय झालं?"

"अगं, बहिणी बोलतायत. आणि मला परत नेणारी त्यातलीच एक आहे ना! मी आपला बसलोय. थोरल्या मेहुणीबाईंनी उशांचे अभ्रे उसवायला दिलेत."