फिरती शाल

नांदेडकडचा माणूस सत्कारावाचून राहू शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. बदली झाली की सत्कार, बदली रद्द झाली की पुन्हा सत्कार. एकानं दुचाकी घेतली म्हणून गल्लीनं त्याला हार घातलेला मी पाहिला आहे. सत्कार म्हटला की शाल आणि नारळ आलेच, आणि त्या शाली पुढं कुणी पांघरत नाही. माझ्या वडलांच्या कपाटात अशा शालींची चळत होती, आणि ते थंडीत जुनी चादर घेऊन बसायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा.

म्हणून मंडपाचं दुकान हातात आल्यावर मी सत्काराचं सामानच भाड्यानं द्यायला काढलं. शाल, नारळ, कापडी फुलांचा गुच्छ. सत्कारमूर्ती स्टेजवर डावीकडून चढायची, फोटो निघायचा, उजवीकडून उतरली की पायरीशी आमचे रफूवाले चाचा उभे. "लाओ साब, मैं पकडता," म्हणत अलगद शाल उतरवून घ्यायचे. ती मागच्या बाजूनं परत तबकात. दोन शालींत वीस माणसांचा सन्मान व्हायचा, एक खांद्यावर, एक तबकात. नारळ तर इतका फिरला होता की आत पाणी वाजायचं बंद झालं होतं. कुणाची तक्रार आली नाही. उलट आयोजक खूश, दुकानाला बरकत, शिवाय लोकांची कपाटं मोकळी. अशा काटकसरीच्या धंद्याबद्दल एका मंडळानं माझाच सत्कार ठेवला. सामान माझ्याच दुकानातून गेलं होतं. उतरताना चाचांनी माझ्याही खांद्यावरची शाल काढून घेतली, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

बिलोलीकडच्या एका शाळेत आमचं सामान नेहमी जायचं. तिथले शिपाईमामा तबक धरायचे. उभी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या शालींचं तबक धरण्यात काढली. निवृत्तीच्या आठवड्यात ते दुकानात आले, बराच वेळ उगाच गुच्छावरची धूळ झटकत बसले आणि म्हणाले, "ताई, शनवारी माझा बी सत्कार हाय. चाचाला सांगा, माझी तेवढी शाल काढू नका. घरी दाखवायची हाय. मालकीण लई हसून राहिली, म्हनती तुमाला कोन शाल घालतंय?"

"मामा, ती तुमचीच," मी म्हटलं. चाचांनाही बजावलं. पण एक शाल जास्तीची टाकावी, हे काही मला सुचलं नाही. दोन म्हणजे दोन, ही खोडच लागली होती.

शनिवारी प्रमुख पाहुण्यांना घाई होती. ते शाल पांघरूनच गाडीत बसले. चाचा थोडं अंतर गाडीमागं धावले, मग परत आले. राहिली एक शाल. ती मामांच्या खांद्यावर पडली. मामा इतके ताठ उभे राहिले की मला हसूही आलं आणि भरूनही आलं. तेवढ्यात माईकवरून शेवटचं नाव पुकारलं, संस्थेच्या अध्यक्षांचं. तबक रिकामं. सगळं स्टेज सवयीनं मामांकडे बघायला लागलं.

मामांनी शालीचं टोक घट्ट मुठीत धरलं. मग ती उतरवली, नीट घडी घातली, तबकात ठेवली आणि तबक घेऊन अध्यक्षांपुढं उभे राहिले. टाळ्या झाल्या. अध्यक्ष पायरी उतरले, चाचांनी शाल घेतली. मी खाली खुर्चीत मेल्याहून मेली झाले होते.

ती रफू केलेली, शेकडो खांदे फिरलेली शाल मामांना द्यायची मला लाज वाटली. सामान चाचांबरोबर पाठवून दिलं आणि मी बाजारातून चांगली कोरी, भरजरी काठाची शाल घेतली. संध्याकाळी मामांच्या घरी गेले. त्यांची मालकीण दारातच उभी होती. मी शाल मामांच्या हातात दिली. त्यांनी ती उलगडली, काठ चाचपला, उलटून पाहिली.

"ही तर नवी हाय, ताई," ते म्हणाले. "सत्काराची कुठंय?"

ती दुपारच्याच टेम्पोनं लातूरच्या कार्यक्रमाला गेली होती.