बहिणीचा जाड आवाज आणि माझा भोंगा

विरारपर्यंत बाईमाणसाचं गाणं ओळखण्यात माझ्या कानाचा हात धरणारा कोणी नव्हता. एकाच कानाचं सांगतोय. दुसरा माझ्याच भोंग्याने बाद केला.

लग्नात लाऊडस्पीकर लावायचा माझा धंदा. शाळेत अक्षर शिकलो नाही, पण कॅसेट सुरू झाली की नुसत्या श्वासावरून सांगायचो, कोण गातेय ते. एकीचा आवाज सुईत ओवायच्या दोऱ्यासारखा बारीक. दुसरीचा मध्येच हसू फुटल्यासारखा मुरडायचा. तिसरी नाकात गायची, आणि लोक तिचंच गाणं परत लावायला लावायचे. आणि एकीचा आवाज इतका जाड, भारी, की पहिल्यांदा ऐकून मी म्हटलं, हा माणूस छान गातो!

वसईजवळ सांडोरला माझी थोरली बहीण राहते, तिचा आवाज तसाच. वाडीतून हाक मारली की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबायचा. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गाणाऱ्या कॉयरच्या मास्तरांनी तिला कधी घेतलं नाही. पण तिच्या लेकीचं लग्न ठरलं. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे मांडवात बायका गातात, आणि पहिलं गाणं नवरीच्या आईचं. त्याची ती किती वर्षं वाट बघत होती.

ती माइककडे निघाली तर पाहुणे म्हणून आलेले मास्तर म्हणाले, "बाय, तू टाळ्या धर. पोरी गातील. तुझा आवाज पुरुषी पडतो."

बहिणीचं तोंड एवढंसं झालं. माझं डोकं फिरलं.

"मास्तर, कॅसेटमधली ती भारी आवाजाची बाई तुम्हाला चालते, आणि माझी बहीण नाही? माइक माझा आहे. तीच गाणार!"

 ती गायला लागली. पहिल्याच ओळीला नवऱ्याकडची माणसं वळून बघायला लागली आणि माझी सगळी मर्दुमकी उतरली. गुपचूप मशीनवरचा जाड आवाजाचा बास पाडला, बारीक आवाजाचा ट्रेबल चढवला. म्हटलं, जरा बारीक निघेल. भोंग्याने अशी शिट्टी मारली की वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

ती थांबली. सरळ माझ्या मशीनपाशी आली, बास होता त्याच्याही वर नेला, आणि मास्तरांकडे बघत अख्खं गाणं पहिल्यापासून म्हटलं. छताचे पत्रे थरथरत होते. मास्तर टाळ्या धरत होते.

गाणं संपल्यावर मी छाती काढून पुढे गेलो. "बघ बाय, मी भांडलो म्हणून..."

"गप रे! मास्तर तोंडावर तरी बोलला. तू गुपचूप माझा गळा आवळत होतास. जा, केळीची पानं पुसायला बस."