व्हॉल्व्हॉक्सच्या मावशी

कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली बावीस वर्षं मावशी व्हॉल्व्हॉक्स सांभाळत होत्या. शेवाळच ते, गोड्या पाण्यातलं, पण बुळबुळीत नव्हे. खसखशीएवढे हिरवे गोळे, पाण्यात गरागरा फिरणारे. "माझी पोरं," मावशी म्हणायच्या. "खायला मागत नाहीत, उलटून बोलत नाहीत. घरच्यांनी शिकावं यांच्याकडून!"

दर पंधरवड्याला नव्या बाटलीत ताजं पाणी, त्यात जुन्यातले चार थेंब. नवी हिरवी झाल्याशिवाय जुनी ओतायची नाही. आणि बाटलीला साबण? नावसुद्धा काढायचं नाही! मूळ गोळे प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना शिकवणाऱ्या सरांनी चाळीस वर्षांपूर्वी आणलेले. सर गेले, वंश राहिला, आणि मॅडमचं सगळं संशोधन त्याच्यावर उभं.

शनिवारी लेकीला कळा सुरू झाल्याचा फोन आला आणि मावशींचं डोकंच चालेना. घाईघाईत बाटल्या साबणानं खसाखसा घासल्या, एकदाच विसळल्या, पाणी भरलं, थेंब सोडले. कहर म्हणजे आवराआवरीत जुन्या बाटल्याही मोरीत ओतून टाकल्या.

नात सुखरूप झाली. सोमवारी मावशी हसत कामावर आल्या, बाटली उजेडात धरली. तळाला नुसता पांढरट गाळ. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सहाही तशाच. "अगं बाई गं, सगळेच गेले!"

वेड्यासारखं त्यांनी मोरीच्या जाळीत बॅटरी मारून पाहिली. पेन्शनला दोन वर्षं राहिलेली, जावई घरी बसलेला, आणि आता हे. वीज गेली, दिव्यावाचून मेले म्हणावं का? तेवढ्यात जिन्यात मॅडमच्या चपला वाजल्या आणि थाप मारायचं बळच उरलं नाही. मावशींनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी आधी दार लावलं. "कुणाला बोललात?"

"नाही हो. शप्पथ!"

मॅडम स्टुलावर बसल्या. "मावशी, सरांचे गोळे अठरा वर्षांपूर्वीच मेले. तुम्ही महिनाभर गावी होतात, मी पाणी बदलायला विसरले. सर आजारी होते, सांगायची छाती झाली नाही. बागेतल्या हौदातून दुसरे आणून ठेवले."

"म्हणजे मी इतकी वर्षं..."

"हौदातलेच सांभाळलेत."

हसावं की रडावं, मावशींना कळेना. मॅडमनी बरणी उचलली आणि दोघी हौदावर जाऊन आल्या. दुपारपर्यंत नीट विसळलेल्या बाटल्यांत पुन्हा हिरवे गोळे फिरू लागले. मावशींनी लेबल पुढ्यात घेतलं.

"काय लिहू, मॅडम?"

"नेहमीचंच. सरांचं नाव, सरांचं साल."

नोकरी वाचली होती. तरी मावशींनी लिहिलेलं सरांचं नाव आज वाकडंतिकडं आलं.

"अक्षर नीट काढा," मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "गुरुवारी तपासणीला लोक येतायत."