काय घेतायत?

आमच्या गावात मे महिन्यात कुणी कुणाला "कसं काय" असं विचारत नाही. पुलावर दोन माणसं भेटली की एक दुसऱ्याला विचारतो, "काय घेतायत?" म्हणजे, नदीतले ट्राउट मासे आज कुठला किडा खातायत. पेन्स क्रीकच्या काठी जन्मलेल्या माणसाला याहून महत्त्वाचा प्रश्न माहीत नाही. आणि उत्तर हवं असेल तर एल्वुड हॅसिंगरला गाठायचं, हे पेनसिल्व्हेनियातल्या या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

एल्वुड माझ्या वर्गातला, म्हणजे आता चौऱ्याहत्तरचा. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवायची आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्याचे खड्डे बुजवायचे, अशी चाळीस वर्षांची नोकरी त्याने केली. मी तेव्हा पोस्टाच्या खिडकीत बसत असे. तिकिटं घ्यायला आला की चार वाक्यं बोलायचा, त्यातली तीन पाण्याच्या तापमानाबद्दल. असा माणूस नवरा म्हणून कसा चालतो, हे मी एकदा त्याच्या बायकोला, व्हर्नाला, विचारलंही होतं. ती म्हणाली, "घरी तो तेवढंही बोलत नाही. म्हणून तर टिकलंय."

ट्राउट हा मासा महा नखरेल. पाण्यावरून पाच जातींचे किडे वाहत असले तरी तो एकच जात धरून बसतो. बाकीचे नाकासमोरून गेले तरी तोंड उघडत नाही. गळावर आपण दोरा आणि पिसं गुंडाळून जी खोटी माशी बांधतो, ती त्याच किड्यासारखी आणि त्याच मापाची नसेल, तर खुशाल घरी जावं. लोक दुकानातून पन्नास तऱ्हेच्या माश्या आणतात आणि एकामागून एक फेकत राहतात. एल्वुडला याचा मनस्वी राग. त्याच्याकडे दुधाच्या बाटल्यांचा एक जुना क्रेट होता. तो काठावर पालथा घालून त्यावर तो दहा मिनिटं बसायचा. तोवर गळाच्या काठीला हात लावायचा नाही. कुणी येऊन "काय घेतायत?" म्हटलं, की तो थोडा सरकायचा आणि म्हणायचा, "बस जरा." एवढंच उत्तर.

दहा मिनिटं झाली की उठून पुलाखाली जायचा, आणि तिथल्या कोळ्यांची जाळी निरखायचा. काल रात्री कुठले किडे उडाले ते जाळ्यात अडकलेलं असतं. "कोळी थापा मारत नाही," असं त्याचं म्हणणं. मग पाण्यातले दगड उलटे करून पाहायचा. आणि शेवटी आपलं जाळं काढायचा: दोन काठ्यांना ठोकलेला, चेरी छापलेला पडद्याचा तुकडा. तो प्रवाहात आडवा धरला की पाण्यातून काय काय वाहतंय ते सगळं कापडावर येतं. हा पडदा व्हर्नाच्या स्वयंपाकघराचा. नवा कोरा, टांगून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा या शहाण्याने खालचा हातभर कापून नेला. व्हर्नाने ते अर्धवट पडदे तसेच ठेवले. तीस वर्षं आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवून सांगायची, "बाकीचा भाग नदीवर अंघोळीला गेलाय."

व्हर्ना शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण होती आणि चर्चच्या जेवणावळीत तिचा दरारा होता. कडक इस्त्रीचा नॅपकिन मांडीवर, पाठ ताठ, आणि सगळ्यांच्या ताटांवर नजर. "तोंड मिटून चावा," ती भर पंगतीत पाद्रीबाबांना म्हणाली होती, "तुमच्या दाढा देवाने पाहिल्यात तेवढं पुरे." तिच्या ब्लाऊजवर कधी रश्श्याचा थेंब दिसला असेल तर शपथ.

या मार्चमध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली, बोलणं एकेका शब्दावर आलं. दवाखान्यातून घरी आली ती मुळात लहानखुरी बाई एकशे आठ पौंडांची होऊन आली, आणि मग जेवेचना. दर सोमवारी नर्स वजन करायला यायची. एकशे चार. एकशे एक. नव्व्याण्णव. डॉक्टरांनी एल्वुडला स्पष्ट सांगितलं: जूनच्या पहिल्या सोमवारपर्यंत वजन पंचाण्णवच्या खाली गेलं, तर तिला काउंटीच्या शुश्रूषागृहात हलवायचं आणि पोटात नळी घालायची. व्हर्नाची आई त्याच इमारतीत तशीच नळीवर सहा वर्षं पडून होती. व्हर्नाने तेव्हा एल्वुडकडून वचन घेतलं होतं, की मला इथे आणायचं नाही.

आता या माणसाने काय करावं? त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तो इतकी वर्षं पेन्सिलीने किड्यांची नावं लिहीत आला होता. तिथे आता पदार्थ लिहू लागला. 'मंगळवार. चिकन-शेवयांचं सूप. नाही.' 'बुधवार. तांदळाची खीर. वास घेतला. नाही.' 'गुरुवार. सफरचंदाचा मुरांबा, कोमट. ओठ हलले. नाही.' गावातल्या बायकांनी डबे पाठवले, मी माझा चिकन पॉट पाय, कोंबडीचा तो दाट रस्सा, नेला. माझा पॉट पाय आजवर कुणी परत पाठवलेला नाही. व्हर्नाने एक घासही घेतला नाही, आणि खोटं कशाला बोला, मला राग आला. आजारी बाईवर राग आला याची मग लाजही वाटली.

एल्वुड तिच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसायचा. गुडघ्याला गुडघा, एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा. "एक घास, व्हर्ना. फक्त एक." ती ओठ घट्ट मिटून त्याच्या खांद्यावरून खिडकीकडे बघत राहायची. चमचा गार व्हायचा, आणि तो उठून कॅलेंडरवर 'नाही' लिहायचा.

"अजून तिला हवी ती गोष्ट सापडली नाही मला," तो मला व्हरांड्यात म्हणाला. "काहीतरी एक असणार, नेडीन. असतंच."

"तिच्या लहानपणचं काहीतरी करून बघ."

"केलं. तिच्या बहिणीला फोन करून विचारलं. लाल बीटातली अंडी केली, भरड्याची वडी केली." मग म्हणाला, "त्यात घरात उंदीर झालेत. तिच्या खुर्चीशेजारचं कपाट आहे ना, त्यातली खारी बिस्किटं कुरतडतायत. चुरा पडलेला असतो. पिंजरा लावलाय, पण सापडत नाही हरामखोर."

मीही मान डोलावली. जुनी घरं, उंदीर होणारच.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वजन शहाण्णव झालं. त्याच आठवड्यात नदीवर ड्रेक आले. ड्रेक म्हणजे अंगठ्याएवढी हिरवट मेफ्लाय, पंखवाली पाणमाशी. वर्षातून दहाबारा दिवस त्या पाण्यातून वर येतात आणि त्यांच्या मागे दहा राज्यांतली माणसं आमच्या गावात येतात. एल्वुडने एकही वर्ष चुकवलेलं नाही. या वर्षी त्याने नदीकडे पाहिलंही नव्हतं. शनिवारी संध्याकाळी मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

"एक तास चल. वेड लागेल तुला घरात."

"हिला टाकून?"

व्हर्नाने डावा हात उचलून दाराकडे बोट केलं. "जा," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा जोरात, "जा!"

"बघ, तीसुद्धा कंटाळलीय तुला," मी म्हटलं. फोन तिच्या मांडीवर ठेवून आम्ही निघालो. त्याने काठी घेतली नाही. क्रेट आणि पडदा तेवढे घेतले, तेही सवयीने.

नदीवर जत्रा होती. हवेत ड्रेकच ड्रेक, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सगळे पाहुणे मोठमोठ्या हिरव्या माश्या फेकत होते. मासे चहूकडे तोंड वर काढून खात होते, पण कुणाच्या गळाला एक लागेल तर शपथ. मीही पाण्यात उतरले. पलीकडच्या दगडाखाली एक मोठा ट्राउट लागोपाठ वर येत होता. त्याच्यावरून मी माझी ड्रेक वीस वेळा नेली. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

एल्वुड दहा मिनिटं क्रेटवर बसला. मग पडदा घेऊन गुडघाभर पाण्यात गेला आणि कापड माझ्यापुढे धरलं. चेरींवर एक ड्रेक पडली होती, आणि तिच्याभोवती नखाएवढ्या तांबूस माश्या, पंख पसरून मेलेल्या, चाळीस तरी असतील.

"हे खातायत ते. डोळ्यांत भरतं म्हणून सगळे मोठंच देत बसलेत."

मी डबीतली सगळ्यात लहान तांबूस माशी बांधली आणि दोन पावलं पुढे जाऊन फेकली. काही नाही. पुन्हा फेकली. आता तर तो मासा वर यायचाच थांबला. माझं डोकं फिरलं.

"चुकलास तू! म्हातारा झालास. हा तुझा किडा त्याला नको आहे."

"किडा बरोबर आहे," एल्वुड काठावरून म्हणाला. "तू चुकतेयस. सूर्य कुठे आहे बघ."

सूर्य माझ्या पाठीमागे, डोंगराला टेकायला आला होता. माझी सावली पाण्यावर लांबच लांब पसरली होती, थेट त्या दगडापर्यंत.

"त्याच्या ताटात उभी आहेस तू, नेडीन. भूक आहे त्याला, अन्नही समोर आहे, पण तू डोळे वटारून डोक्यावर उभी राहिलीस तर तो खाईल कसा? सर मागे. खाली बस. आणि त्याच्याकडे बघू नकोस."

माझ्या गुडघ्यांना शिव्या घालत मी मागे सरले आणि काठाच्या गवतात बसले. खूप वेळ काही झालं नाही. मग दगडाखाली पुन्हा एक वर्तुळ उठलं. मग दुसरं. मी बसल्या बसल्या माशी टाकली आणि त्याने ती अशी घेतली, जणू दिवसभर तिचीच वाट बघत होता. चौदा इंचांचा होता. सोडून दिला, आणि दाद घ्यायला मी मागे वळले.

एल्वुड क्रेटवर बसला होता. ओला पडदा मांडीवर, त्याचं पाणी पँटीत झिरपतंय, याचं त्याला भान नव्हतं. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता यालाही झटका आला.

"एल्वुड?"

"नेडीन," तो म्हणाला, "आमच्या घरात उंदीर नाहीत."

मला काही कळेना. तो उठला आणि चालायला लागला. मी हाका मारल्या, पण त्याने मागे पाहिलं नाही. क्रेट तिथेच राहिला. तीस वर्षांत तो क्रेट कधी काठावर राहिला नव्हता. त्या क्रेटकडे बघत उभी असताना माझ्याही डोक्यात प्रकाश पडला: तो कपाटातला चुरा, ते मिटलेले ओठ, ते "जा". चर्चभर लोकांना तोंड मिटून चावायला लावणारी बाई. तिच्या ओठांतून आता घास बाहेर ओघळत होता, आणि आम्ही सगळे वाट्या घेऊन तिच्या तोंडाकडे टक लावून बसलो होतो. काय हवंय तिला, काय हवंय तिला, करत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी क्रेट परत द्यायला गेले. जाळीच्या दारापाशी पोचले आणि थांबले.

व्हर्नाची खुर्ची टेबलाशी, खिडकीकडे तोंड करून लावली होती. समोर ताट, चमचा डाव्या बाजूला, मांडीवर नॅपकिन. त्याला इस्त्री केलेली होती, वाकडीतिकडी, पण केलेली. आणि एल्वुड तिच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून, आपल्या माश्या बांधायच्या छोट्या टेबलाशी बसला होता. शिकंज्यात गळ अडकवलेला, बोटांत दोरा. गळ उघडाच होता. एक वेढाही त्याने घातलेला नव्हता. ताठ बसून तो नुसता कान देऊन ऐकत होता.

व्हर्नाचा डावा हात हळूहळू वर गेला. अर्धं सांडलं. तिने नॅपकिनने हनुवटी टिपली, ब्लाऊज टिपला, आणि पुन्हा चमचा भरला.

एल्वुडने मला पाहिलं. हाताने थांबवलं. चाळीस वर्षं सगळं गाव ज्याला येऊन विचारत होतं, पण ज्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं, तो माझ्याकडे बघून कुजबुजला, "काय घेतेय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या पाठीमागून आवाज आला. जड, ओढलेला, पण तिचाच.

"बटाटे," व्हर्ना म्हणाली. "आणि मी... बहिरी नाही... झालेय. मान... वळवू नकोस."

"नाही वळवत," एल्वुड म्हणाला, आणि डोळे पुसत त्या उघड्या गळावर वाकला.

मी क्रेट व्हरांड्यात पालथा घातला, आणि दाराकडे पाठ करून त्यावर बसले.