भाऊजी आणि मालिकेतला काका

सरकारला माझ्या भाऊजींइतका न घाबरणारा माणूस प्रताप नगरात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्यापायी माझ्याइतका घाबरलेला मेहुणाही कुठे झाला नसेल. उभी नोकरी त्यांनी हिंगण्याच्या एका कारखान्यात केली, पण राजकारण शिकले ते संध्याकाळी आठच्या विनोदी मालिकेतून. तिच्यात एक तिरसट काका होता. दारात आलेल्या प्रत्येक सरकारी माणसाला तो हाकलून देई आणि मागून हशा वाजे. लिहिणाऱ्यानं काकाचीच थट्टा मांडली होती, असं माझं मत. भाऊजींना मात्र तो हशा टाळ्यांसारखा ऐकू येई. "एवढ्या लोकायत तो एकटाच शहाणा हाय," ते म्हणत.

घरात वडिलांच्या वेळच्या सगळ्या रीती पाळायच्या आणि फाटकाबाहेर सरकारची एकही मानायची नाही, असा त्यांचा पक्ष. हेल्मेट घालत नसत; डोकं आपलं, फुटलं तर आपलं. गल्लीतला खड्डा त्यांनी स्वतः सिमेंट कालवून बुजवला आणि तो वाळेपर्यंत खुर्ची टाकून राखणीला बसले. निवडणुकीत मत मागायला आलेल्यांना ते चहा पाजत आणि विचारत, "तू काय काय करनार नाहीस, तेवढं सांग." बिचारे कार्यकर्ते चहा अर्धा टाकून उठत. मी हसायचो, पण आत कुठेतरी धाकधूक असायची. मालिकेतल्या माणसाला काही होत नाही. भाऊजी मालिकेत नव्हते.

मागच्या पावसाळ्यात कूलरमध्ये डासांच्या अळ्या आहेत का, ते पाहायला महापालिकेच्या दोन बाया आल्या. भाऊजी फाटकात आडवे उभे राहिले. "कूलर माह्या, पाणी माह्यं, मच्छर बी माह्येच. तुमी जा वं बाई." अख्खी गल्ली हसली. त्या दोघीही हसल्या आणि पुढच्या घरी गेल्या. कूलरच्या टाकीत मी वाकून पाहिलं होतं. पाण्यात काहीतरी वळवळत होतं. मी बोललो नाही.

पंधरवड्यात त्यांना ताप भरला. चार दिवस काढ्यावर काढले. दवाखान्यात नेलं, तेव्हा डेंग्यू निघाला. प्लेटलेट्सचा कागद घेऊन ताई दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी खाटेशी बसलो. सलाइनचे थेंब मी पुन्हा पुन्हा मोजत होतो, ते त्यांनी पाहिलं.

"काहून भेऊन राहिला गा?" ते म्हणाले. मग हळू आवाजात, "काकाले आला होता ना ताप एकदा? डॉक्टरले हाकललं होतं त्यानं. मंग काय झालं होतं?"

ते हे पहिल्यांदाच विचारत होते. त्यांना प्रत्येक भाग तोंडपाठ असे.

"सोमवारच्या भागात ठणठणीत होता," मी म्हणालो.

"हो ना," म्हणाले, आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी गेले. मी त्यांच्याशी खोटं बोललो नव्हतो. सोमवारी काका खरंच अंगणात उभा होता, कुणावर तरी ओरडत. त्याचा ताप कशानं उतरला, एवढंच दाखवायचं राहिलं होतं.