भीतीसकट दिलेला होकार

"याला ॲऑर्टिक आर्च ॲन्युरिझम म्हणतात," हृदयाच्या सर्जनबाई म्हणाल्या आणि त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. ॲऑर्टा म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी. छातीत वर जाऊन ती छत्रीच्या मुठीसारखी वळते. माझ्या नवऱ्याची ती नेमकी त्या वळणावर फुगली होती. फुटली तर हॉस्पिटल गाठायलाही वेळ मिळत नाही, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

आम्ही घसा बसला म्हणून आलो होतो.

माझा नवरा सुधीर आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात आहे आणि रविवारी चर्चच्या कॉयरमध्ये गातो. आम्ही मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. आता तमिळ मुलखात राहतो; घराजवळ तमिळ चर्च आहे, तिथेच जातो. ईस्टरनंतर त्याचा आवाज गेला. गुळण्या झाल्या, सुंठेचा काढा झाला. शेवटी अण्णा नगरच्या घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. डावी व्होकल कॉर्ड, म्हणजे स्वरतंतू, हलतच नव्हती. फुगलेली रक्तवाहिनी आवाजाच्या नसेवर दाब देत होती, हे सीटी स्कॅनमध्ये कळलं. तुमचा आवाज बरेच दिवस बसलेला असेल तर काढ्यावर विसंबू नका, एवढं आधीच सांगते.

सर्जनबाईंनी ऑपरेशन समजावलं. शरीर थंड करायचं, हृदय थांबवायचं, थोडा वेळ रक्ताभिसरणही बंद ठेवायचं. याला सर्क्युलेटरी अरेस्ट म्हणतात. तेवढ्यात खराब भाग काढून ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम नळी, शिवायची. मेंदूला इजा होऊ शकते. माणूस टेबलावरच दगावू शकतो. "पण काही न करणं याहून धोक्याचं आहे," त्या म्हणाल्या.

ब्लडप्रेशर खाली ठेवायला त्याला भरती केलं. खोकायचं नाही, कुंथायचं नाही, चिडायचं नाही. तो खोकला की मी उठून मॉनिटर बघायची. दुसऱ्या दिवशी तो कुजबुजला, कारण तेवढाच आवाज उरला होता, "ऑपरेशन नको."

"नको म्हणजे?"

"माझं ठरलेलं आहे."

"कुणी ठरवलं? मला तर कुणी विचारलं नाही."

"तिथे वर तुला विचारून ठरवतात का?"

मग त्याने ताटातल्या कार्डाचं सांगितलं. इथल्या चर्चमध्ये वर्षाअखेरच्या उपासनेत ताटातून बायबलच्या वचनांची कार्डं फिरतात. न बघता एक उचलायचं. ते वचन देवाने तुम्हाला त्या वर्षासाठी दिलेलं. लोक ते लॅमिनेट करून भिंतीवर लावतात. सुधीरने उचललं त्यात अग्नीतून पारखून घेण्याविषयी काहीतरी होतं. ते त्याने गुपचूप परत सरकवलं आणि दुसरं घेतलं. त्यात हिरवं कुरण आणि शांत पाणी होतं.

"त्याने दिलेलं मी नाकारलं आणि मला हवं ते निवडलं," तो म्हणाला. "आता तेच पहिलं समोर आलंय. ऑपरेशन करून तेही परत सरकवू?"

"दोन्ही एकाच ताटातली होती ना? मग दुसरं काय सैतानाने छापून आणलं?"

तो हसला आणि लगेच हात छातीवर गेला. त्यानंतर मी विनोद बंद केले.

त्याची खरी भीती मरणाची नव्हती. आमच्या मंडळीत लोक उभे राहून साक्ष देतात, अमक्या वर्षी देवाने मला बोलावलं म्हणून. सुधीरला असं बोलावणं कधीच ऐकू आलं नव्हतं. लहानपणी बाप्तिस्मा झाला, मोठेपणी चर्चला जात राहिला, बस. "मी देवाने निवडलेल्यांतला असतो तर ते कार्ड परत सरकवलं असतं का?" हे तो छताकडे बघून विचारी.

पास्टर भेटायला आले. तारण, म्हणजे मुक्ती, माणसाच्या कमाईचं नाही, देवाच्या बोलावण्याचं आहे, ज्याला त्याने बोलावलं त्याला तो सोडत नाही, असं म्हणाले.

"आणि ज्याला बोलावलंच नाही?" सुधीरने विचारलं.

पास्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "ती नावं मला दाखवलेली नाहीत, ब्रदर. पण ज्याला बोलावणं नाही तो या प्रश्नाने इतका हैराण झालेला मी अजून पाहिलेला नाही."

प्रार्थना करून ते गेले. सुधीरचा नकार होता तिथेच होता.

मी सर्जनबाईंना गाठलं. "मी सही केली तर चालेल?"

"ते शुद्धीवर आहेत, अम्मा. मी बोलावू शकते. ओढून टेबलावर नेऊ शकत नाही."

मी गिंडीच्या एका लेथ वर्कशॉपमध्ये खरेदी बघते. वेळेवर ठरवत नाही त्याचा माल जातो, हे माझं रोजचं. बायबल अभ्यासातही मी हेच मांडायची: देव दार उघडतो, आत जायचं की नाही ते माणसाने ठरवायचं. त्या दिवशी कॉरिडॉरच्या बाकावर मी देवाकडे उलटंच मागितलं. त्याला विचारू नकोस, ओढून ने. मागून झाल्यावर मलाच धास्ती वाटली. ओढून नेता येत असेल, तर ज्यांना नेलं नाही त्यांचं काय?

दुपारी सुधीरच्या पाठीत कळ आली. सर्जनबाई तपासून म्हणाल्या, "आता थांबता येणार नाही. उद्या सकाळी करू. हो की नाही?"

त्याने विचारलं, "मी घाबरलेला असलो तर काही बिघडतं?"

"सगळेच घाबरलेले असतात. तुमचं धैर्य मला नकोय. होकार द्या, बाकीचं काम माझं."

त्याने फॉर्म हातात घेतला. मग माझ्याकडे वळला. "मीनल, देवही एवढंच मागत असेल का गं?"

"मला काय माहीत. सही कर."

त्याने केली. अक्षर वेडंवाकडं आलं.

वेटिंग रूममध्ये इडली तशीच पडून राहिली. दार उघडलं की मी उठून उभी राही. आत त्याचं हृदय थांबवलेलं असणार. तो आता विश्वास ठेवू शकत नव्हता की शंका घेऊ शकत नव्हता, प्रार्थनाही करू शकत नव्हता. होकार त्याचा होता. त्यानंतरचं काहीच त्याच्या हातात नव्हतं, तरी तो कुणाच्या तरी हातात होता. याहून पुढचं मला समजलं नाही आणि भीतीही गेली नाही.

सर्जनबाई आल्या. हृदय पुन्हा सुरू झालं होतं, मेंदूचं जाग आल्यावरच कळणार होतं. तो वेळ सगळ्यात वाईट. शेवटी आयसीयूत नर्सने त्याला हात दाबायला सांगितला आणि त्याने दाबला.

आवाज पूर्ण आला नाही. दर स्कॅनच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही. आपलं माणूस ऑपरेशनला नाही म्हणत असेल तर त्याच्याशी भांडण्याआधी, त्याला नेमकी कशाची भीती आहे ते विचारा. मला ते फार उशिरा सुचलं.

परवा तपासणीला गेलो तेव्हा सर्जनबाईंच्या दाराबाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. तिच्या नवऱ्याचं हेच ऑपरेशन आणि तो तयार होत नव्हता; सर्जनबाईंनीच तिला आमचं सांगितलं होतं. "तुमच्यांनी कसा होकार दिला?" तिने विचारलं.

"घाबरत," मी म्हटलं आणि तिच्या शेजारी बसले.